पाण्याचा रकाना

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघं पुढच्या वर्षी किती चालायचं ते ठरवतो. ठरवायला चार-पाच तास लागतात आणि त्या वेळात कोणी जागचं हलत नाही. बसायची जागा ठरलेली आहे: शिरगावात, मास्तरच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. मलंगगडापासून महाबळेश्वरपर्यंत पायी निघालेले आम्ही तीन वीर तिथे लिफ्टने जातो. एकदा लिफ्ट बंद होती, तर शेठ खालीच थांबून मेकॅनिकला फोन लावत होता.

मलंगगड ते महाबळेश्वर ही वाट कोणी आखलेली नाही. कुठे पाटी नाही, बाण नाही. मास्तर शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे नकाशा दिसला की त्यावर रेघ मारल्याशिवाय त्याला राहवत नाही. अशीच एक रेघ त्याने सहा वर्षांपूर्वी मारली. खिडकीतून दिसतो त्या डोंगरापासून सुरुवात, मग चंदेरी-माथेरानची रांग, मग कर्जतच्या बाजूला उतरून पुन्हा भीमाशंकरला चढायचं, आणि तिथून घाटमाथा धरून सरळ दक्षिणेला. एका दमात अर्थातच नाही. नोकऱ्या आहेत, बायका आहेत, गुडघे आहेत. म्हणून त्याने रेघेचे अठ्ठावीस तुकडे पाडले. वर्षाला चार तुकडे, म्हणजे सात वर्षांत महाबळेश्वर. आता सहा वर्षं झाली आणि आम्ही सोळाव्या तुकड्याच्या अलीकडे आहोत. भूगोलाच्या माणसाला गणित विचारू नये, असं शेठ म्हणतो.

शेठचं कॅम्प पाचात, जुन्या सिंधी वसाहतीत, जीन्सच्या चेन आणि बटणांचं दुकान आहे. सिंधी माणूस, पण मराठी आमच्यापेक्षा जास्त बोलतो, फक्त मध्येमध्ये त्यात काय काय येऊन पडतं. तिसरा मी. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग युनिटात सुपरवायझर. आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, रविवारी यायचं तर रजा टाकावी लागते. ही साधी गोष्ट आहे, पण पुढचं सगळं त्या शुक्रवारांमुळे झालं.

योजना आखण्याची आमची पद्धत अशी. नव्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर टेबलावर पसरायचं आणि ज्या दिवशी जाता येणार नाही ते दिवस आधी खोडायचे. उरतील त्यात चालायचं. शेठ लग्नसराई खोडतो, चेटीचंड खोडतो, माल यायचे दिवस खोडतो, आणि सासुरवाडीकडून कोणी येण्याची नुसती शक्यता असली तरी तो आठवडा खोडतो. मास्तर परीक्षा खोडतो आणि सरकारी कामं खोडतो. देशात काहीही मोजायचं झालं की मास्तर लागतो. मी युनिटचं शटडाऊन खोडतो आणि बायकोने सकाळी कागदावर लिहून दिलेली बारशी, साखरपुडे आणि वर्षश्राद्धं खोडतो. चहाच्या तिसऱ्या फेरीपर्यंत जुलैतले दोन रविवार उरतात. जुलैत त्या माथ्यावर ढग एवढा खाली असतो की स्वतःचा हात दिसत नाही. मग आम्ही खोडलेलं परत जिवंत करायला बसतो, आणि भांडणं तिथून सुरू होतात.

या सगळ्याची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, मास्तरच्या अक्षरातली. एका तुकड्याला एक पान, कोणी नंतर भरून काढला तर आणखी एक. कुठून, कुठे, किती तास, कोण कोण गेलं, आणि शेवटचा रकाना पाण्याचा. तो लाल शाईने भरायचा, कारण पावसाळ्यात धो धो वाहणारा तो माथा होळीनंतर तव्यासारखा कोरडा असतो. पाणी कुठे, किती आणि कोणत्या महिन्यापर्यंत, हे जो चालला त्याने लिहायचं. बाकी रकान्यांत थट्टा चालते. शेठच्या नावापुढे 'गेला, परत आला, उपकार' असंही लिहिलेलं सापडेल. लाल रकान्यात थट्टा करायची नाही, हा एकच नियम मास्तरने घातला होता. तो मोडायचा मान माझा.

माझी शुक्रवारची सुट्टी आणि त्यांचा रविवार, त्यामुळे माझे तुकडे सुटायचे. सुटलेला तुकडा ज्याने त्याने नंतर भरून काढायचा. मी एकटाच शुक्रवारी जाऊन भरून काढायचो. म्हणजे तसं वहीत आहे. अशी चार पानं आहेत, त्यांच्यावर 'एकटा' असं लिहिलंय, आणि त्या एका शब्दावर मी तीन वर्षं काढली. मास्तर शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगायचा, आमच्यात एक जण आहे, एकटा जातो. शेठ दुकानात गिऱ्हाईकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, ये साईं शेर है, जंगलात अकेला. मी नम्रपणे खाली बघायचो. नम्रतेत मी चांगलाच तयार झालो होतो.

आता सांगतो. त्या चारांपैकी एकाही तुकड्यावर मी गेलेलो नाही.

पहिल्यांदा खरोखर निघालो होतो. पायथ्याच्या गावात उतरलो, वाटेला लागलो, अर्धा तास चढलो. मग झाडी दाट झाली आणि वरून काहीतरी फांद्या मोडत गेलं. माकडं होती, मला तेव्हाही माहीत होतं की माकडं आहेत. पण पाय थांबले. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, आणि आपण इथे पडलो तर रात्री बायको वाट बघायला लागेपर्यंत कोणाला कळणार नाही, एवढंच डोक्यात फिरायला लागलं. तिघं असताना सगळ्यांत पुढे चालणारा मी. एकटा असताना मी कोण आहे ते मला त्या अर्ध्या तासात कळलं आणि ते मला अजिबात आवडलं नाही. खाली आलो. बायकोने दिलेला डबा फाट्यावरच्या हॉटेलच्या बाकड्यावर बसून खाल्ला. परत येताना बूट फार स्वच्छ दिसताहेत असं वाटलं, म्हणून ओढ्यात बुडवून घेतले. तपशिलात कुठे कमी पडू नये.

त्यापुढच्या शुक्रवारी तर मी चढलोही नाही. भीती अशी सोयीची गोष्ट आहे, पहिल्यांदा जागेवर जाऊन वाटावी लागते, मग घरबसल्या वाटते.

तीन तुकड्यांचं तसं सोपं होतं. ते दोघं आधी चालून आले होते, त्यांचीच पानं समोर होती. तास थोडे कमी-जास्त करून उतरवले. वर्गात पेपर बघून लिहिणारी मुलं मास्तर लांबून ओळखतो म्हणे. चौथा तुकडा, ज्यावर पहिल्यांदा अर्धा तास चढलो होतो तोच, मात्र कोणीच चाललेलं नव्हतं. त्या रविवारी मास्तरला निवडणुकीचं काम आलं, शेठकडे लग्न निघालं, आणि मी मोठ्या मनाने म्हणालो, मी शुक्रवारी उरकतो, तुम्ही नंतर भरा. तो भीमाशंकरच्या दक्षिणेचा तुकडा. कर्जतच्या बाजूने एका घाटाने वर, माथ्यावरून आठ-नऊ किलोमीटर, दुसऱ्या घाटाने खाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या गावाचा काही दोष नाही. खालच्या हॉटेलात चहा पिताना म्हातारा मालक बोलता बोलता म्हणाला की वर पठारावर खडकातलं एक टाकं आहे. बस. रविवारी पाळी सुटल्यावर मास्तरकडे जाऊन मी लाल पेन मागून घेतलं आणि लिहिलं: 'पठाराच्या मध्यावर खडकातलं टाकं. बारमाही पाणी. गोड. कडेला थोडं शेवाळ.'

गोड आणि शेवाळ हे माझं स्वतःचं. नुसतं बारमाही लिहिलं असतं तर कदाचित कोणाच्या मनात शंका आली असती. शेवाळ बघून मास्तर म्हणाला होता, निरीक्षण याला म्हणतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही नेहमीप्रमाणे बसलो. नोव्हेंबरात मास्तरच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं, सहा महिने डोंगर नाही आणि त्यानंतरही पाठीवर तीन किलोच्या वर ओझं नाही. मास्तरने हे आम्हाला सांगितलं ते कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उघडून. सहा महिने मेमध्ये संपतात, शाळेला सुट्टी असते, आणि त्याचा एकच तुकडा सुटलेला होता. कोणता ते सांगायला नको.

"मेमध्ये करतो," तो म्हणाला. "एकटाच. हा जाऊन आला एकटा, मग मी का नाही?"

मी म्हणालो, मेमध्ये कशाला, नोव्हेंबर बरा. तो म्हणाला, नोव्हेंबर शेठने आत्ताच खोडला. मी म्हणालो, मी येतो बरोबर. तो म्हणाला, मग एकट्याने काय केलं? मी म्हणालो, ऊन असतं वर, पाणी वाहून न्यावं लागेल. तेव्हा त्याने वही माझ्यासमोर सरकवली आणि माझंच लाल वाक्य मला वाचून दाखवलं. दीड लिटर घेतो, म्हणाला, अर्ध्यात तुझं टाकं आहेच.

शेठला मजा वाटली. "साईं, लिहायला पाणी गोड, आणि दोस्ताला पाजायला जीभ जड? टाकं काय तुझ्या नावावर केलंय?"

सगळे हसले. मीही हसलो. मे महिन्यातल्या एका गुरुवारवर मास्तरने निळा गोल केला आणि आम्ही पुढच्या तुकड्यावर वाद घालायला लागलो. त्या दिवशी मी तीन वेळा चहा घेतला आणि खरं काय ते एकदाही सांगितलं नाही. पन्नाशी उलटलेला, खांद्याला टाके पडलेला माणूस माझ्या शेवाळाच्या भरवशावर मेमध्ये उघड्या पठारावर जाणार होता, आणि मला काळजी कसली होती, तर हे कळलं तर हा काय म्हणेल याची.

मग मी एक थोर कल्पना काढली. स्वतः जाऊन बघायचं. टाकं असेल आणि त्यात पाणी असेल तर माझं खोटं आपोआप खरं होईल, आणि कोणाला काही सांगायला नको. जानेवारीतल्या एका शुक्रवारी गेलो. पुन्हा त्याच वाटेला लागलो, पुन्हा झाडी, पुन्हा पाय थांबले. तेवढ्यात खालून एक बाई आली. पठारावरच्या वस्तीतली, खालच्या बाजारातून तेल आणि मीठ घेऊन घरी चाललेली. डोक्यावर पाटी, पायात साध्या चपला. मला बाजूला सारून पुढे गेली. मी तिच्या मागे चालायला लागलो. मागून येतोय हे तिला कळलं, पण तिने चाल बदलली नाही. दीड तासात आम्ही वर आलो. माझा श्वास तिच्या चपलेच्या आवाजापेक्षा मोठा होता.

टाकं होतं. ते बघून मला जो आनंद झाला तो महाबळेश्वर दिसल्यावरही होणार नाही. पाणी होतं, कडेला शेवाळसुद्धा होतं. मी वाकून ओंजळ भरणार तेवढ्यात बाई म्हणाली, "आत्ता हाय. शिमग्यापरत ऱ्हातं. मंग चिखल. ढोरा पन पीत नाय."

मी विचारलं, मग मेमध्ये तुम्ही काय करता?

"खाली जातो ना घाट उतरून. हंडा घेऊन." मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी आल्ते का आगोदर हितं?"

"नाही," मी म्हणालो.

तीन वर्षांत त्या तुकड्याबद्दल खरं बोललो ते हे पहिलं वाक्य, आणि तेही अशा बाईशी जिला त्याचं काही पडलेलं नव्हतं. ती निघून गेली. मी तिथेच बसलो आणि मोबाइलवर मास्तरला मेसेज लिहायला घेतला: 'आत्ताच एकांकडून ताजी माहिती मिळाली, टाकं हल्ली होळीनंतर आटतं.' हल्ली हा शब्द फार चांगला बसला होता. पूर्वी बारमाही होतं, हल्ली आटतं. निसर्गाचा ऱ्हास, आपण काय करणार. मेसेज पाठवला असता तर मास्तर वाचला असता आणि माझा 'एकटा'सुद्धा वाचला असता. तरी पाठवला नाही. याला चांगुलपणा म्हणू नये. वर रेंज नव्हती, आणि घाट उतरून रेंज येईपर्यंत मला स्वतःचा कंटाळा आला होता.

त्यानंतरही मी तीन आठवडे घालवले. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पाळी सुटल्यावर रिक्षा करून शिरगावला गेलो. मास्तर गॅलरीत दोरीने खांद्याचा व्यायाम करत होता. मला बघून म्हणाला, ये, मेची तयारी चालू आहे.

"मी वर गेलो नव्हतो," मी म्हणालो.

"कुठे वर?"

"त्या टाक्याच्या तुकड्यावर. अर्ध्या तासात परत फिरलो. टाक्याचं खाली हॉटेलात ऐकलं."

त्याला आधी ही थट्टा वाटली. मग दोरी सोडून तो आत आला आणि खुर्चीवर बसला. "पण शेवाळ लिहिलंस."

"मनाचं लिहिलं."

जानेवारीत बघून आलो तेही सांगितलं. शिमग्यानंतर चिखल, तेही सांगितलं. त्याने वही काढली नाही. बाकीचे शुक्रवार, त्याने विचारलं. मी म्हणालो, तेही नाही, तुमच्या पानांवरून उतरवले. मला वाटलं आता ओरडेल. शाळेत चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातो त्याचा आवाज. त्याने फोन उचलला आणि त्याच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना लावला. त्या पोरांनी डोंगरात जाताना वहीच्या पानांचे फोटो मागून घेतले होते, हे मला माहीतच नव्हतं. पहिल्याने उचलला. मास्तर त्याला एवढंच म्हणाला की ज्या चार पानांवर 'एकटा' लिहिलंय त्यांवरचं पाणी धरू नका, ते तपासलेलं नाही. माझं नाव घेतलं नाही. दुसरा उचलत नव्हता. मास्तर लावत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी बोटांची नखं किती वेळा मोजली ते सांगत नाही. शेवटी त्याने उचलला. तो कल्याणला दाढी करत होता.

फोन ठेवून मास्तर म्हणाला, "मी दीड लिटर घेऊन गेलो असतो."

"हो."

"तुला हे डिसेंबरात माहीत होतं. तिथे टेबलावर."

"हो."

"आज फेब्रुवारी आहे."

खोटं लिहिल्याचं कारण मी वाटेत पाठ करून आलो होतो, माकडांसकट. दोन महिने गप्प बसल्याचं कारण पाठ करायचं राहून गेलं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या, त्यांनी आम्हा दोघांची तोंडं बघितली आणि चहा ठेवून परत गेल्या. मास्तरने चहा प्यायला नाही. मीही नाही. पण मी निघताना मास्तर एवढं म्हणाला, यापुढे लाल रकाना तू भरायचा नाहीस.

शेठला सोमवारी संध्याकाळी दुकानात सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, शेर साईं, शेर, असं म्हणत. मग हसायचा थांबला. म्हणाला, "मी पण रोज झूठ बोलतो. लोकल चेन इम्पोर्टेड म्हणून विकतो. त्याने भर लग्नात पँट उघडी पडते, साईं. माणूस मरत नाही." आणि मापाची पट्टी उचलून गिऱ्हाईकाकडे वळला. पुढचा महिनाभर त्याचे सकाळचे फुलांचे मेसेज मला आले नाहीत. ते बंद व्हावेत अशी माझी किती वर्षांची इच्छा होती.

मास्तर मार्चभर बोलला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने कॅलेंडरचा फोटो पाठवला. मे महिन्यातला निळा गोल खोडलेला होता. तो तुकडा नोव्हेंबरात गेला होता, शेठच्या खोडण्याच्या डोक्यावर, आणि त्यापुढे दोन नावं होती, त्याचं आणि माझं. पाणी: प्रत्येकी चार लिटर, त्याच्या वाटचं मी वाहायचं. खाली माझे तीन उरलेले शुक्रवार लिहिले होते, तारखांसकट. मला विचारलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या बायकोच्या मावसबहिणीचं डोहाळजेवण आहे वगैरे सांगायची सोय ठेवलेली नव्हती. एक वाक्य होतं: 'प्रत्येक ठिकाणाहून फोटो पाठवायचा.'

पहिला शुक्रवार माथेरानच्या रांगेतला. वाटेवर पहिल्या खिंडीत पोचलो आणि फोटो पाठवला. दरी, सुळका, ढग, सगळं छान आलं होतं. उत्तर आलं, 'हा कोणाचाही असेल. तू दिसला पाहिजेस.' मग मोबाइल दगडावर टेकवून स्वतःचा काढला. घामेजलेला, टोपी वाकडी, मागे सुळका अर्धा कापलेला. तो पाठवला आणि पुढे निघालो. खिंडीच्या पलीकडे पुन्हा झाडी आली. पाय पुन्हा थांबले. मी पंधरा मिनिटं एका बुंध्याला टेकून उभा होतो. परतीचा रस्ता सोपा होता आणि फोटो पोचलेला होता. एवढ्या फोटोवर उरलेला तुकडाही झाला म्हणून खपवता आला असता.

मी टाइप केलं, 'भीती वाटतेय. एकटं वाटलं की वाटते. तेव्हाही तेच झालं होतं.' तीन वाक्यं, मी ती तीन वर्षांत कोणालाही सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

फोन वाजला. मास्तर म्हणाला, "चालू ठेव आणि खिशात टाक. मी पेपर तपासतोय, बोलणार नाही."

मी फोन वरच्या खिशात टाकला आणि चालायला लागलो. खिशातून पानं उलटल्याचा आवाज येत होता. एकदा तो स्वतःशीच पुटपुटला, गंगा अरबी समुद्राला मिळते म्हणे, आणि कोणाचे तरी दोन मार्क गेले. झाडी संपेपर्यंत चाळीस मिनिटं लागली. मग उघड्यावर रेंज आणखी चांगली आली, तरी त्याने फोन ठेवला नाही, आणि मीही नाही.